जुन्या गाडीचा सेमी-ऑटोमॅटिक एसी: नॉब २२ वर आणि हवा कोमट

गोदातीर
नमस्कार मंडळी. माझ्याकडे २००९ ची डिझेल सेडान आहे, दुसऱ्या हाताने घेतलेली. गाडी फार आवडती आहे, विकायची नाही, म्हणून हा धागा.

एसीच्या पॅनेलवर तीन गोल नॉब आहेत. डावीकडचा तापमानाचा, त्यावर १८ ते २६ आकडे, एका टोकाला निळा ठिपका आणि दुसऱ्या टोकाला लाल. मधला पंख्याचा, ० ते ४. उजवीकडचा हवा काचेवर, तोंडावर की पायांवर यावी त्यासाठी. शिवाय एसी आणि रिसर्क्युलेशन (गाडीतलीच हवा पुन्हा फिरवणं) अशी दोन बटणं. पुस्तिकेत याला सेमी-ऑटोमॅटिक म्हटलंय.

लक्षणं अशी: सकाळी चावी फिरवली की डॅशबोर्डच्या आतून टक-टक-टक आवाज येतो, थोड्या वेळाने थांबतो. हायवेला सिन्नरच्या पुढे गेलं की हवा बरी गार असते, पण द्वारका सर्कलच्या गर्दीत पाच मिनिटं उभं राहिलं की कोमट. नॉब निळ्यावर ठेवला काय आणि २२ वर ठेवला काय, फरक जाणवत नाही.

एका एसीवाल्याने गॅस भरून दिला. थोडे दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. दुसऱ्याने बॉनेट उघडून एसीचं बटण चालू-बंद केलं आणि सांगितलं, "क्लचचा आवाजच येत नाही साहेब, कॉम्प्रेसर गेला." नव्या कॉम्प्रेसरचा खर्च बराच आहे. तो करण्याआधी ही यंत्रणा चालते तरी कशी आणि काय काय तपासून घ्यावं, हे जाणकारांनी सांगावं.

मोगरा_ठाणे
+१, वाचतेय. आमच्या गाडीतही असेच आकडे आहेत. डिसेंबरात लोणावळ्याला गेलो होतो, एसी चालू होता, नॉब २४ वर, आणि चक्क गरम हवा यायला लागली. हा बिघाड समजायचा का?

ऑरेंजसिटी
नागपुरातून लिहितोय. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. सरळ निळ्या टोकाला ठेवा, रिसर्क्युलेशन चालू ठेवा, पंखा ४ वर. ते आकडे युरोपातल्या हवेसाठी आहेत.

पाना_पक्कड
गोदातीर, कॉम्प्रेसर बदलू नका. निदान आत्ता तरी नाही. तो मेला असता तर सिन्नरच्या पुढेही गार हवा आली नसती, हे तुमच्याच वर्णनात आहे.

कोल्हापुरात माझं गॅरेज आहे, या जातीच्या गाड्या नेहमी येतात. तुम्ही वर्णन केलेलं पॅनेल फोक्सवॅगन समूहाच्या त्या काळातल्या गाड्यांत असतं, त्याला क्लायमॅटिक म्हणतात. पूर्ण ऑटोमॅटिक असेल तर क्लायमॅट्रॉनिक. यातल्या बऱ्याच गाड्यांच्या कॉम्प्रेसरला विजेवर चालणारा क्लच, म्हणजे कॉम्प्रेसर पट्ट्याशी जोडणारा-सोडणारा भाग, नसतोच. पट्टा फिरला की कॉम्प्रेसर फिरतो, एसी बंद असला तरी. आतमध्ये एक तिरकी प्लेट असते. तिचा कोन वाढला की पिस्टन जास्त सरकतात आणि जास्त गॅस ढकलला जातो. कोन जवळजवळ सरळ झाला की कॉम्प्रेसर नुसता फिरत राहतो, काम करत नाही. हा कोन एक छोटा कंट्रोल व्हॉल्व्ह ठरवतो आणि त्याला हुकूम एसीच्या पॅनेलकडून मिळतो. म्हणजे क्लचची "टक" ऐकून निदान करायची आपल्याकडची जुनी पद्धत इथे लागूच पडत नाही. आवाज येत नाही म्हणून चांगले कॉम्प्रेसर काढून टाकलेले मी पाहिलेत, आणि वाईट वाटतं. असा कॉम्प्रेसर खरोखर जाम झाला तर पुलीमधलं कपलिंग तुटतं, म्हणजे पट्टा वाचतो. तेव्हा इंजिन चालू ठेवून हात न लावता टॉर्चने पुली बघा. बाहेरची कड फिरतेय आणि मधला भाग स्थिर आहे, असं दिसलं तरच त्याचं नाव घ्या.

आता मूळ प्रश्न. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे तापमान गाडी सांभाळते, पंखा आणि हवेची दिशा तुम्ही. पण बहुतेकांना वाटतं की नॉब २२ वर नेला की एसी "कमी" होतो. तसं नाही. कूलिंग कॉइल हवेला जमेल तेवढं गार करते, गोठण्याच्या जरा वरपर्यंत. मग त्या गार हवेतला काही भाग हीटरच्या कॉइलमधून फिरवून परत मिसळला जातो. न्हाणीघरात गिझरचं पाणी आणि गार पाणी एकाच बादलीत सोडतो ना, तसं. ते प्रमाण ठरवणारी पट्टी म्हणजे टेम्परेचर फ्लॅप. तिला एक छोटी मोटर फिरवते आणि पट्टी कुठे आहे हे मोटर पॅनेलला कळवते. नॉब पार निळ्या टोकाला नेला की हिशेब बंद, फ्लॅप पूर्ण गार बाजूला.

मोगराताई, तुमच्या लोणावळ्याच्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. बाहेर १४ अंश असतील आणि तुम्ही २४ मागितले तर गाडी गरम हवाच देणार. बिघाड नाही, ती सांगितलेलं काम करतेय.

गोदातीर, तुमचा टक-टक आवाज त्या फ्लॅप मोटरचा असावा. आतली प्लॅस्टिकची चाकं खूप छोटी असतात. दात गेला की मोटर फिरते, फ्लॅप हलत नाही. निळा आणि २२ यांत फरक नाही, हे लक्षण त्याच्याशी जुळतं. सिग्नलवर कोमट होणं मात्र दुसरं दुखणं आहे. दोन्ही एकत्र करू नका.

पहिली_ओळ
पाना_पक्कड, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका. वाचनखूण साठवली.

ऑरेंजसिटी
पाना_पक्कड, माहिती उत्तम, पण माझा मुद्दा कायम. ४५ अंशांत कॉइल पूर्ण जोर लावूनही पुरत नाही, मग मिसळायला हवंच कशाला? गार हवा बनवून तीच परत गरम करायची, ही उधळपट्टी आहे.

पाना_पक्कड
नागपूरच्या मे महिन्यापुरतं तुमचं शंभर टक्के बरोबर. तिथे फ्लॅप तसाही गार टोकालाच चिकटलेला असतो, नॉब कुठेही ठेवा. आमच्याकडे जुलैत मात्र बाहेर २४ अंश आणि हवा ओलीचिंब. तेव्हा आधी गार करून हवेतलं पाणी काढायचं आणि मग थोडी गरम करायची, हाच काच साफ ठेवायचा मार्ग आहे.

मडगावकर
याला जोरदार अनुमोदन. गोव्यात पावसाळ्यात उलटाच त्रास. लोक निळ्या टोकाला ठेवून हवा काचेवर सोडतात आणि काचेला *बाहेरून* धुकं धरतं. बाहेरची दमट हवा गार काचेवर पाणी सोडते. मग आतून फडक्याने पुसत बसतात, ते जाईलच कसं? हवेचा झोत काचेवरून काढा, तापमान दोन-तीन अंश वाढवा, वायपर एकदा फिरवा. आतून धरलेलं धुकं असेल तर एसी चालू, रिसर्क्युलेशन बंद, हवा काचेवर. घाटात तर हे पाठच हवं, जिवाशी गाठ असते.

आणि गोदातीर, पुढच्या सीटखालचं कार्पेट दाबून बघा. ओलं लागलं तर कूलिंग कॉइलची पाण्याची नळी तुंबली आहे. एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकायलाच हवं.

जुनी_चाकं
पुण्यातून. माझ्याकडे मर्सिडीज डब्ल्यू १२४ आहे. १९९४ मध्ये मर्सिडीज-बेंझ इंडिया सुरू झाली आणि १९९५ पासून टेल्कोच्या (आताची टाटा मोटर्स) पुण्यातल्या आवारात ही ई-क्लास जोडली जाऊ लागली, त्या पिढीतली. तिची रीत पाना_पक्कड यांनी सांगितली त्याहून वेगळी आहे, आणि मला ती विलक्षण वाटते, म्हणून सविस्तर लिहितो.

या गाडीत हीटरकडे जाणाऱ्या गरम पाण्यावरच ताबा ठेवतात. इंजिनाजवळ विजेवर चालणारा पाण्याचा व्हॉल्व्ह असतो. डाव्या-उजव्या बाजूंसाठी वेगळे आकडे असतील तर व्हॉल्व्हही जोडीचा. तो सतत उघडझाप करत राहतो, आणि किती वेळ उघडा, किती वेळ बंद यावरून आतली ऊब ठरते. लक्षात ठेवायची गोष्ट ही की *वीज नसेल तेव्हा तो उघडा असतो*. कारण जर्मनीच्या हिवाळ्यात फ्यूज उडाला तर माणूस गारठू नये. आपल्याकडे त्याचा अर्थ असा होतो की फ्यूज उडाला, वायर सुटली किंवा आतला पडदा फाटला की भर उन्हाळ्यात अंगावर गरम हवा. लोक मग गॅस भरत बसतात! अशा वेळी हीटरच्या नळ्यांना जपून हात लावा. नॉब गार टोकाला असताना नळी चटका देत असेल तर गुन्हेगार व्हॉल्व्हकडे आहे, गॅसकडे नाही.

हवेची दिशा बदलणारे फ्लॅप या गाडीत व्हॅक्यूमवर हलतात. डॅशबोर्डमागचा एखादा रबरी पडदा फाटला की हवा मधल्या जाळीतून यायची बंद होते. डिझेल गाडीत त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, तोही तपासावा लागतो.

अवांतर: तापमान स्वतः सांभाळणारी यंत्रणा गाडीत आणली कॅडिलॅकने, १९६४ च्या मॉडेलांत, कम्फर्ट कंट्रोल नावाने. आपण त्या काळी कुठे होतो ते सांगायला नको.

पहिली_ओळ
कुठे काय, पद्मिनीची त्रिकोणी काच उघडून हवा थेट गळ्याशी घेत होतो! तिला ना गॅस लागायचा, ना सेन्सर.

ऑरेंजसिटी
हाहा, आणि ॲम्बॅसिडरलाही होती. ती काच बंद केली कुणी? तिच्यासाठी वेगळा धागा काढा.

स्टुटगार्टकर
इकडे हिवाळा मोठा असल्याने या यंत्रणेची दुसरी बाजू रोज दिसते, म्हणून लिहितो. मर्सिडीजच्याच त्या काळच्या यादीत टेम्पमॅटिक आणि क्लिमाऑटोमॅटिक असे दोन प्रकार होते. पहिल्यात तापमान आपोआप पण पंखा आपल्या हातात, दुसऱ्यात सगळंच आपोआप.

सेन्सरबद्दल अजून कुणी लिहिलं नाही. बाहेरचं तापमान मोजणारा सेन्सर बहुधा पुढच्या बंपरच्या मागे असतो. हे सेन्सर तापमान वाढलं की विजेचा अडथळा कमी करणारे असतात. वायर तुटली की अडथळा प्रचंड वाढतो आणि गाडीला वाटतं बाहेर उणे ४० च्या आसपास आहे. कडाक्याच्या थंडीत कॉम्प्रेसर चालवू नये असा नियम आत लिहिलेला असतो, त्यामुळे तो सुरूच होत नाही. बंपरला किरकोळ धक्का बसल्यानंतर एसी बंद पडला असेल तर आधी मीटरवरचं बाहेरचं तापमान बघा. नाशिकच्या उन्हात तिथे काहीतरी भलताच आकडा किंवा नुसत्या रेघा दिसल्या तर शोध तिथेच संपला.

काही गाड्यांत पॅनेलवर किंवा छताच्या दिव्यापाशी बारीक जाळी असते. तिच्यामागे केबिनचा सेन्सर, आणि हवा ओढायला इवलासा पंखा. तिथे धूळ साचली किंवा कुणी स्टिकर लावला की सेन्सरला केबिनची खरी हवा मिळत नाही आणि सगळं गणित बिघडतं.

मोगरा_ठाणे
आमच्या जाळीवर गणपतीचा स्टिकर आहे! आधीच्या मालकांनी लावलेला. बाजूला हलवते, तिथे शेजारीच छान जागा आहे.

गोदातीर
सगळ्यांचे मनापासून आभार. पुली पाहिली, मधला भाग फिरतोय. बाहेरचं तापमान बरोबर दिसतं. कार्पेट कोरडं. आता स्कॅनर असलेल्या माणसाकडे जायचंय. त्याला नेमकं काय विचारू? आणि गॅस पुन्हा चेक करू का?

पाना_पक्कड
त्याला ०८ नंबरच्या, म्हणजे एसीच्या मॉड्यूलमध्ये जायला सांगा. नुसते फॉल्ट कोड पुसून परत येऊ नका. चालू आकड्यांच्या पहिल्याच गटात कॉम्प्रेसर का बंद आहे याचं कारण एका आकड्यात येतं. शून्य असेल तर कॉम्प्रेसर चालू. दुसरं काही असेल तर त्या आकड्याचा अर्थ यादीत असतो: गॅसचा दाब कमी, दाब जास्त, बॅटरीचा व्होल्टेज कमी, इंजिन जास्त तापलं, एसीचं बटणच बंद वगैरे. घाटात पाय पूर्ण दाबल्यावर काही सेकंद कॉम्प्रेसर सुटतो, तेही इथे दिसतं आणि ते बरोबरच आहे. मग फ्लॅप मोटरचं बेसिक सेटिंग चालवायला सांगा. त्यात प्रत्येक फ्लॅप दोन्ही टोकांना जाऊन आपली हद्द शिकतो. एखादा शिकू शकला नाही तर तो सापडला.

गॅसबद्दल नीट ऐका. "प्रेशर बघून थोडा टॉपअप करतो" म्हणणाऱ्याला नको म्हणा. आर-१३४ए, म्हणजे तुमच्या एसीतला गॅस, बंद गाडीत ३० अंशांना साधारण ६.७ बार दाखवतो आणि ४० अंशांना ९.२ बारच्या जवळ. सिस्टीममध्ये थोडाही द्रव गॅस शिल्लक असला तरी हाच दाब दिसणार, मग गॅस अर्धा असो की पूर्ण. उभ्या गाडीच्या दाबावरून किती गॅस आहे ते कळतच नाही. खरी पद्धत एकच: सगळा गॅस मशीनने काढायचा, वजन बघायचं, व्हॅक्यूम करून थांबायचं, आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर जितके ग्रॅम लिहिलेत तितकेच वजन करून भरायचे. जास्त भरला तरी गारवा कमी होतो.

भाऊ_६१
वजनाचं मशीन प्रत्येक तालुक्याला नाही हो. आम्ही तीस वर्षं दाबाची दोन घड्याळं लावून, पाइप हाताने चाचपून गॅस भरतोय आणि गिऱ्हाईक खूश आहे. सगळंच चूक म्हणू नका.

पाना_पक्कड
भाऊ, तुमच्या हाताचा मान आहेच. क्लचवाल्या जुन्या कॉम्प्रेसरवर, चालू इंजिनात दोन्ही बाजूंचे दाब बघून तुम्ही अंदाज घेता आणि तो जमतो. पण या कॉम्प्रेसरमध्ये प्लेटचा कोन सतत बदलतो, त्यामुळे गॅस कमी असला तरी कमी दाबाच्या बाजूचं घड्याळ बराच वेळ चांगलंच दाखवतं. इथे अनुभवी हातही फसतो, म्हणून वजनाचा आग्रह धरतोय.

भाऊ_६१
हे पटलं. घड्याळ बरोबर आणि हवा कोमट अशी एक गाडी सध्या माझ्याकडेच उभी आहे. आता वजन करून बघतो.

जुनी_चाकं
सिग्नलवर कोमट, हायवेला गार, यात मला तर रेडिएटरच्या पंख्यांचाच संशय येतो. वेगात वारा कंडेन्सर (रेडिएटरपुढची, एसीचा गॅस गार करणारी जाळी) गार करतो, उभं राहिलं की ते काम पंख्यावर येतं. गोदातीर, एसी चालू करून दोन्ही पंखे फिरतात का, ते बघा.

गोदातीर
जुनी_चाकं काका, अगदी बरोबर! स्कॅन करून आलो.

पहिल्या गटात शून्य आलं, म्हणजे कॉम्प्रेसर चालू. गाडी उभी ठेवून एसी चालवला तर दाब चढत चढत २५ बारच्या वर गेला आणि मग कॉम्प्रेसरने काम कमी करायला सुरुवात केली. समोर वाकून पाहिलं तर दोनपैकी लहान पंखा बंद. हाताने फिरवला तर जड. पंखा बदलला. शिवाय कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधे वाळलेली पानं आणि मातीचा थर होता, तो हलक्या पाण्याने धुऊन घेतला. आता त्याच द्वारका सर्कलला दाब १६-१७ बारवर राहतो आणि मधल्या जाळीत ठेवलेला थर्मामीटर ९ अंश दाखवतो.

बेसिक सेटिंगला टेम्परेचर फ्लॅप अडकला. मोटर उघडून पाहिली, एका चाकाचे दोन दात गेलेले. सुदैवाने डॅशबोर्ड उतरवावा लागला नाही, खालचं कव्हर काढून हात पोचला. नवी मोटर बसवून पुन्हा सेटिंग चालवलं, टक-टक बंद. आता नॉब २२ वर ठेवला की गाडी आधी जोरात गार करते आणि मग हवा हळूहळू सौम्य होत जाते. गाडी घेतल्यापासून हे पहिल्यांदाच अनुभवतोय. दोन्हीचा खर्च मिळून कॉम्प्रेसरच्या आसपासही गेला नाही.

गॅस वजन करून घेतला. स्टिकरपेक्षा *जास्त* निघाला. टॉपअपचीच कृपा असणार.

पाना_पक्कड
झकास. दाब चढायला तोही एक कारण होता. २५ च्या वर तो असाच जात राहिला असता तर ३० च्या आसपास गेल्यावर कॉम्प्रेसर पूर्ण सुटला असता. आता जुना पंखा का जड झाला तेही बघा. त्याच्या कनेक्टरला काळेपणा आला असेल तर तो बदला, नाहीतर नवा पंखाही त्याच वाटेने जाईल.

ऑरेंजसिटी
गोदातीर, अभिनंदन. एक मान्य करतो, मीही काल रात्री २३ वर ठेवून बघितलं. रात्री चालतं. दुपारी निळा ठिपकाच.

स्टुटगार्टकर
जाता जाता: आर-१३४ए इकडे नव्या गाड्यांतून केव्हाच गेला. २०१७ पासून युरोपात नव्या प्रवासी गाड्यांना तो चालत नाही, आर-१२३४वायएफ भरतात. जुन्या गाडीत मात्र जुनाच गॅस भरा. दोन्ही मिसळू नका आणि स्वस्त म्हणून घरगुती सिलिंडरचे प्रयोग कुणी सुचवले तर तिथून निघून या. तो ज्वलनशील असतो.

मोगरा_ठाणे
स्टिकर हलवला, जाळी ब्रशने साफ केली. फरक आहे, आता २४ म्हणजे खरंच २४ वाटतं. धागा वाचून एक शंका: आमचा पंखा गेल्या आठवड्यापासून १, २, ३ वर फिरतच नाही, ४ वर मात्र पूर्ण जोरात फिरतो. हे पॅनेलचं काम आहे का?

पाना_पक्कड
ताई, पॅनेल नाही, ब्लोअरचा रेझिस्टर. ४ वर वीज थेट मोटरला जाते, बाकीच्या वेगांना रेझिस्टरमधून. त्याच्यावरचा छोटा फ्यूज वितळला की फक्त ४ उरतं. तो ब्लोअरच्या हवेतच बसवलेला असतो, गार राहावा म्हणून. त्यामुळे नुसता बदलू नका, केबिन फिल्टर काढून बघा. तो तुंबलेला असेल तर हवा कमी मिळून रेझिस्टर तापला. फिल्टर स्वच्छ असूनही जळला असेल तर ब्लोअर मोटर किती ॲम्पिअर घेतेय ते मोजायला सांगा. जड झालेली मोटर नवा रेझिस्टरही जाळते.

मोगरा_ठाणे
फिल्टर काढला. काळा आहे, आणि त्यात गुलमोहराच्या पाकळ्या. नवा फिल्टर आणि रेझिस्टर दोन्ही मागवते, बसवल्यावर इथेच लिहिते.